घरी शिकणारी लेकरं आणि एक मोबाईल: खेड्यात राहून नोंदी, वेळ आणि कागद कसे सांभाळायचे

शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करत गुरुजी आमच्या घरी आले. छपरीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, घरीच शिकवता म्हणता ना, मग वर्षभरात काय काय झालं ते दाखवा की."

मी मोबाईल काढला, गॅलरी उघडली आणि अंगठ्याने वर वर सरकवत बसले. पऱ्हाटीवरची (कपाशीवरची) गुलाबी बोंडअळी, खताची पावती, नणंदेच्या पोरीचं बारसं, चाळीसेक ‘शुभ सकाळ’, आणि मध्येच थोरलीच्या वहीचं एक पान, तेही उलटं. वीस मिनिटं गेली. शिकवलं भरपूर होतं, दाखवायला काही नव्हतं. गुरुजी भला माणूस, चहा घेऊन काही न बोलता उठले. त्यांच्या न बोलण्यानेच मला रात्री झोप आली नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, तालुक्यापासून १४ किलोमीटर. थोरली ११ वर्षांची, धाकटा ७ चा. नवरा वावरात, मी अर्धी वावरात अर्धी घरात. चार वर्षं झाली, लेकरं घरीच शिकतात. पुण्या-मुंबईकडच्या होमस्कूलिंगवाल्यांचे सल्ले मी पुष्कळ ऐकले. त्यांत वायफाय, प्रिंटर आणि अभ्यासाची वेगळी खोली धरलेलीच असते. आमच्याकडे या तिन्हींपैकी काही नाही, तरी काम चालतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आमच्यासारख्या ठेचा लागू नयेत म्हणून हे लिहिते.

मोबाईल लेकरांना शिकवेल ही आशा मी पहिल्याच वर्षी सोडली. त्याला मुनीम म्हणून ठेवला. आठवण करून देणं, हिशेब ठेवणं आणि मागितला कागद काढून देणं ही त्याची कामं. शिकवायला आपण आहोत, आजोबा आहेत, वावर आहे.

लागणारं सामान
- एक चालू स्मार्टफोन आणि एक जुना, सिम नसलेला
- जुन्या फोनात ६४ जीबीचं मेमरी कार्ड
- १०,००० एमएएचची पॉवर बँक (साधा फोन एकदा पुरा चार्ज होऊन वर थोडं उरतं)
- लेकरांच्या अभ्यासासाठी वेगळं गूगल खातं, ज्याचा पासवर्ड कागदावर लिहून पेटीत ठेवलाय
- दोरीने बांधलेली एक जाड फाईल
- भिंतीवर कालनिर्णय. हे काढू नका, कारण पुढे सांगते.

१. ॲपच्या आधी कागद

सुरुवात इथून करा, कारण बाकीचं चुकलं तर दुरुस्त होतं, हे चुकलं की तालुक्याच्या चकरा सुरू होतात. प्रत्येक लेकराच्या नावाने गूगल ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करा. ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅन करायची सोय आहे, वेगळं ॲप लागत नाही. त्यात टाका:
- जन्म दाखला
- आधार
- लसीकरणाचं कार्ड
- जातीचा दाखला असेल तर तो
- रेशन कार्ड
- आधी शाळेत नाव असेल तर शाळा सोडल्याचा दाखला

शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. पुढे दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं ठरलं तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो ऑनलाइन भरतात, आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे दहावीच्या पातळीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम मिळतं आणि एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षांत विषय सवडीने सोडवता येतात. आम्ही अजून काही ठरवलं नाही, पण दोन्ही वाटांचे कागद तयार आहेत. तारखा दरवर्षी बदलतात, त्या मंडळाच्या वेबसाइटवरच बघा. गावातल्या ग्रुपवर फिरणारी तारीख धरून चालू नका.

कायद्याचं थोडक्यात: २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या लेकरांना शिक्षणाचा हक्क देतो. घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळं कलम नाही. म्हणून सर्व्हे करणारे दारात येणारच, आणि ते त्यांचं कामच आहे. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, नोंदी दाखवा.

सावध: "घरबसल्या दहावी पास, परीक्षा नाही" असं म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. मान्यता नसलेल्या मंडळाचं सर्टिफिकेट पुढे कुठेच चालत नाही. दुसरे ते टॅब विकणारे. आमच्या ओळखीत एकाने हप्त्यावर टॅबसकट कोर्स घेतला. दोन महिन्यांनी पोरगा बघेनासा झाला, हप्ते मात्र पुरे वर्षभर गेले.

२. लाईन आणि नेटवर्क कधी असतं ते लिहून काढा

हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. एक आठवडा कागदावर फक्त दोन गोष्टी लिहा: लाईन कधी गेली, आणि नेटवर्क कुठे नि किती वाजता बरं मिळालं. आमच्या घरात सकाळी साडेपाचला आणि रात्री दहानंतर नेट पळतं. दुपारी फक्त निंबाच्या झाडाखाली दोन काड्या येतात, आणि तिथे बैल बांधलेले असतात.

एवढं कळलं की निम्मी चिडचिड कमी होते. नेट लागणारं काम पहाटे किंवा रात्री, न लागणारं दिवसा. पंपाची लाईन रात्रीची असली की नवरा ओलितासाठी वावरात जातो आणि घराचं सगळंच वेळापत्रक दोन तास पुढे सरकतं. त्या आठवड्यात मी सकाळचा अभ्यास ठेवतच नाही. पूर्वी ठेवायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

उन्हाळ्याचं वेगळं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तापलेला फोन चार्जिंग घेणंच बंद करतो. टिनाखाली ठेवलेला तर नक्कीच. पहाटे चार्ज करून ठेवा आणि दुपारी माठाच्या शेजारी, सावलीत ठेवा. माठावर नव्हे. एकदा तेही झालंय.

३. आठवड्याचा बाजार, तसं आठवड्याचं डाउनलोड

रोज लागेल तसं शोधायला गेलं की एका व्हिडिओसाठी अर्धा तास जातो आणि लेकरू तिसऱ्याच व्हिडिओवर जाऊन बसतं. आमच्याकडे बाजार शुक्रवारी. त्याच रात्री पुढच्या आठवड्याचं डाउनलोड. रोजच्या दीड जीबीतलं जे उरतं ते रात्री बाराला वायाच जातं, ते असं कामी येतं.

कुठून काय घ्यायचं:

ई-बालभारतीच्या वेबसाइटवर पहिलीपासून बारावीपर्यंतच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत. घरी शिकवत असाल तरी त्या उतरवून ठेवा, निदान त्या वयाची शाळेतली लेकरं कुठवर गेली ते कळतं. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं, आणि ते ॲपमध्ये उतरवून नेटशिवाय बघता येतं.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या, पीडीएफही मिळते. धाकट्याचं वाचन सुरू झालं ते याच्यावर. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्तांची वेबसाइट, जिथे मराठी पुस्तकंही ढीगभर आहेत आणि टाकाऊ वस्तूंतून करायच्या गोष्टी तर आपल्या गावासाठीच केल्यासारख्या.

आणि किविक्स. या ॲपमध्ये अख्खा मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून ठेवता येतो. मग नेट नको, काही नको. जुन्या फोनात टाकून ठेवलाय. थोरलीला प्रश्न पडला की ती स्वतः शोधते. मराठी विकिपीडियाचे काही लेख चार ओळींचे आहेत, तेव्हा ती आजोबांकडे जाते. आजोबा चार ओळींत कधीच थांबत नाहीत.

४. रोज एकच ओळ

नोंदीसाठी मी आधी मोठा तक्ता केला होता: विषय, उपविषय, उद्दिष्ट, वेळ, मूल्यमापन. नऊ दिवस टिकला. आता गूगल कीपमध्ये महिन्याची एक नोट असते आणि रात्री भांडी झाल्यावर प्रत्येक लेकरासाठी एक ओळ. कीप नेट नसतानाही लिहू देतं, नेट आलं की आपोआप वर जातं. एक ओळ म्हणजे कशी ते बघा:

"थोरली: अपूर्णांक, भाकरीचे भाग. नकाशात वर्धा नदी. पाऊस म्हणून बाकी नाही."
"धाकटा: वाचन २ गोष्टी. ‘ष’ आणि ‘श’ अडतो. ढोरांबरोबर गेला, तीन पक्षी सांगितले."

बोलून टाइप केलं तर आणखी लवकर होतं, पण वाचून बघत जा. मी "पऱ्हाटी" म्हटलं की फोन "मराठी" लिहितो. एकदा नोंदीत "मराठीवर फवारणी केली" असं होतं. "सांबार आणला" लिहिलं तर आपल्याकडे कोथिंबीर कळते, पण पुण्याच्या जावेला ती नोंद दाखवली तेव्हा तिने विचारलं, इडलीपण केली का?

महिन्याच्या शेवटी या ओळींवरून गूगल शीटमध्ये पाच रकाने भरते: तारीख, लेकरू, विषय, काय केलं, फोटो कुठे. अर्धा तास लागतो. शीटवर "ऑफलाइन उपलब्ध" हे चालू करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी गोल चक्र फिरत राहतं.

शीटचा खरा उपयोग मला थोरलीने दाखवला. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि बायांचा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर. तिने हट्टाने शीट केली. तिघींची वजनं ४३, ३८ आणि ५१ किलो, वेचणी ८ रुपये किलो. सगळं नीट भरलं आणि खाली बेरीज आली शून्य. ती घाबरून म्हणाली, "आई, बायांना शून्य रुपये द्यायचे का?"

चूक अशी होती की तिने मराठी कीबोर्डवर मराठी आकडे टाकले होते. शीटला ते आकडे वाटत नाहीत, अक्षरं वाटतात. आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाकले आणि बेरीज आली: १३२ किलो, १०५६ रुपये. मग तिने तोच हिशेब कागदावर करून पडताळला, कारण एका बाईचा शीटवर विश्वास नव्हता. तो एक दिवस गुणाकार, बेरीज, पडताळा आणि माणसांशी बोलणं, सगळ्यांचा धडा झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिथे गांधीजींनी हाताच्या कामातून शिकण्याची गोष्ट मांडली आणि झाकीर हुसेन समितीने पुढे अभ्यासक्रम केला. सेवाग्राम आमच्यापासून लांब नाही. तिथे टकळी होती, आमच्याकडे वेचणीचा काटा.

५. फोटो: थोडे काढा, लगेच जागेवर ठेवा

गुरुजींसमोरची फजिती इथे सुटली. अभ्यासाचा फोटो काढला की त्याच रात्री त्या लेकराच्या अल्बममध्ये टाकायचा. आठवड्याला एका लेकराचे पाचच. वहीचं पान, केलेली वस्तू, आणि सुरुवात-शेवट दिसेल असं काही. पेरलेली मेथी आणि उगवलेली मेथी.

स्कॅन केलेल्या पानांना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी विषय: ‘२०२५-०७-१४ गणित’ असं (आकडे इथेही इंग्रजीच). असं नाव दिलं की फायली आपोआप तारखेने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात.

आता मोठा सापळा. गूगल फोटोजचा बॅकअप सहसा फक्त वायफायवर चालतो. गावात वायफाय नाही, म्हणजे बॅकअप होतच नाही, आणि आपल्याला वाटतं होतोय. माझा फोन पावसाळ्यात बैलबंडीतून पडला आणि चाकाखाली गेला. आठ महिन्यांचे फोटो होते. शेवटचा बॅकअप निघाला माहेरी गेले होते तेव्हाचा, कारण भावाकडे वायफाय आहे. सेटिंगमध्ये जाऊन मोबाईल डेटावर बॅकअप चालू करा आणि रोजची मर्यादा ठरवून द्या. व्हॉट्सॲपच्या चॅटच्या बॅकअपचंही हेच. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या फोनवर तेच खातं उघडून बघा, फोटो खरंच दिसतात का.

फुकटची जागा १५ जीबी, तीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळेच. ‘शुभ सकाळ’ त्यात जाऊ देऊ नका. गूगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपच्या फोटोंच्या फोल्डरचा बॅकअप बंद ठेवा.

६. कॅलेंडर, पण भिंतीवरचंही

गूगल कॅलेंडरमध्ये प्रत्येक लेकराला एक रंग आणि शेतीला एक. शेतीचा रंग आधी भरा. पेरणी, निंदण, ऑक्टोबरातलं सोयाबीन, मग कापूस, मग तूर. जी मोकळी जागा उरते ती अभ्यासाची. मी पहिल्या वर्षी उलटं केलं आणि सोयाबीनच्या आठवड्यात भूगोलाची चाचणी लावली. त्या आठवड्यात थ्रेशर आलं, चाचणी कधीच झाली नाही.

सणांना ‘दरवर्षी’ असं लावू नका. पोळा श्रावण अमावस्येला, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. फोनने मला एका वर्षी भलत्याच दिवशी सांगितलं की उद्या तान्हा पोळा. धाकटा लाकडी बैल सजवून तयार. म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय. वर्षाच्या सुरुवातीला त्यातून सण बघून फोनमध्ये टाकायचे, ते काम आता थोरली करते.

दिवसाच्या वेळेसाठी कॅलेंडर नको, साधा अलार्म पुरे. नेट लागत नाही. अलार्मला नाव देता येतं, आणि दोघांसाठी वेगळी धून ठेवली की "आई, आता काय?" हा प्रश्न कमी होतो. दिवसाला चार अलार्मच्या वर जाऊ नका, नाहीतर कोणीच ऐकत नाही.

७. झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी

महिन्याची सगळी पानं एकदाच छापून आणते. एका फेरीत बसभाडं आणि अर्धा दिवस वाचतो. फाईल नेहमी पीडीएफ करून न्या. वर्डमधली मराठी दुकानदाराच्या जुन्या फॉन्टच्या कॉम्प्युटरवर कधीकधी चौकोन होऊन उघडते. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की अक्षर पुसट येतं. आणि आधार छापून झालं की दुकानदाराच्या कॉम्प्युटरवरून आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. तो नाराज होत नाही, सवय आहे त्याला.

८. लेकरांच्या हातातला फोन

जुन्या फोनात सिम नाही, यूट्यूब बंद केलंय. पीडीएफ, किविक्स, दीक्षा आणि कॅमेरा एवढंच. चालू फोन द्यायचीच वेळ आली तर अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘ॲप पिन’ करण्याची सोय आहे. तिथेच बाहेर पडताना पासवर्ड विचारायचं चालू करून ठेवा, मग एक ॲप पिन केलं की पासवर्डशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही, आणि याला नेट लागत नाही. दोन दिवस धाकटा रडला. तिसऱ्या दिवशी त्याने माझा पासवर्ड मागे उभं राहून बघितला. पासवर्ड बदला, आणि टाकताना भिंतीकडे पाठ करा.

बाहेर शिकायला नेणार असाल, नदीकाठ किंवा वावर, तर पावसाळ्यात ‘दामिनी’ ॲप फोनात असू द्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली तर सांगतं. त्याने लाल दाखवलं की आम्ही झाडाखाली थांबत नाही, सरळ घर गाठतो.

९. लाईनच नसलेला दिवस

वादळात तार तुटली की दोन-दोन दिवस काही नसतं. त्या दिवसासाठी दाराच्या मागे एक कागद चिकटवून ठेवा, फोनात नको. आमच्या कागदावर बारा कामं आहेत: आजोबांकडून एक जुनी गोष्ट ऐकून लिहिणे, विहिरीचं पाणी दोरीने मोजणे, भूमितीसाठी रांगोळी, पाढे, पत्र लिहिणे, अशी. यादी धाकट्याच्या अक्षरात आहे. तिच्यात ‘अंडी मोजणे’ दोनदा आलंय. विचारलं तर म्हणाला, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी.